मावशीची एक बॅग आणि वसईचा गोन्सालो

मावशीला आणायला गेल्या मंगळवारी कुर्ला टर्मिनसला गेलो होतो. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, सिस्टर आहे, म्हणजे नन, वय ७२. त्यातली ४१ वर्षं झारखंडात, खुंटीच्या पुढच्या गावांमधल्या छोट्या छोट्या दवाखान्यांत नर्स म्हणून. यावेळी ती सुट्टीवर नाही, बदलीवर येत होती, आणि ही बदली शेवटचीच म्हणायची, कारण त्यांच्या संस्थेचं वयस्कर सिस्टरांसाठीचं घर इकडे आहे तिथे तिला पाठवलंय. म्हणून मी आपला मित्राची मोठी गाडी मागून घेतली, डिकी रिकामी करून ठेवली, फलाटावर एक हमाल पण बोलून ठेवला, म्हटलं ४१ वर्षांचं सामान काय थोडं असणार आहे का. मावशी डब्यातून उतरली तर एका हातात चॉकलेटी रेक्झिनची बॅग आणि खांद्याला कापडी पिशवी. बाकीचं कुठाय म्हटलं तर "बाकीचं काय?" असं तिने मलाच विचारलं. हमाल माझ्याकडे बघून हसला, मी त्याला उगाच वीस रुपये दिले.

कापडी पिशवीत काय तर मडुआचं पीठ आणि वाळवलेला फुटकल नावाचा पाला, आंबट असतो, तिकडे भाजी करतात त्याची. मडुआ म्हणजे आपली नाचणीच. म्हणजे बाईने झारखंडातून वसईला नाचणी आणली. आई म्हणाली सुद्धा, अगं आपल्याकडे मिळते गं. पण तिला गावातल्या बायकांनी दिली होती, नको कशी म्हणणार.

आता हे सगळं लिहायचं कारण असं की मला लहानपणापासून 'मिशनरी वृत्ती' हा शब्द ऐकून ऐकून कंटाळा आलाय. आम्ही वसईचे कॅथलिक, आमच्याकडे प्रत्येक घरामागे एक फादर नाहीतर एक सिस्टर असं गंमतीने म्हणतात, आणि मिशन संडे आला की प्रवचनात तेच, पेटून उठा, जगाच्या टोकापर्यंत जा वगैरे. मी कॉलेजात असताना मागच्या बाकावर बसून घड्याळ बघायचो. आणि बाहेरचे मित्र, त्यांच्या डोक्यात मिशनरी म्हणजे एकच, धर्म बदलणारा. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने मला सरळ विचारलं होतं, तुझी मावशी किती जणांना कन्व्हर्ट करते रे महिन्याला, टार्गेट असतं का? मी हसण्यावारी नेलं पण खरं सांगायचं तर मलाही धड माहीत नव्हतं की ती तिकडे नक्की काय करते. चाळीस वर्षांत आमच्यातलं कोणी तिकडे गेलंच नव्हतं.

तर त्या रात्री तिने बॅग उघडली. दोन सुती साड्या, एक स्वेटर, बायबल, जपमाळ, बीपीच्या गोळ्या, जुना स्टेथोस्कोप ज्याची एक नळी बदललेली, आणि एक वही. पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेल्या, वर खाकी कव्हर, त्यावर पुन्हा प्लास्टिक. आत मावशीच्या बारीक अक्षरात शब्दांच्या याद्या, एका बाजूला मुंडारी, म्हणजे तिकडच्या मुंडा आदिवासींची भाषा, आणि दुसऱ्या बाजूला मराठी. दाः म्हणजे पाणी. मंडी म्हणजे भात. पुढे पुढे शाई बदलत जाते, शब्द लांब होतात, मग वाक्यं येतात, आणि शेवटी शेवटी मराठीची बाजू रिकामीच राहिलीय, गरजच लागली नसणार.

"पहिले सहा महिने मला सुई हातात धरू दिली नाही," मावशी म्हणाली. "आमची सुपिरियर म्हणायची, आधी शब्द गोळा कर. मला इतका राग यायचा, मी नर्सिंग शिकून आलेली आणि ही मला बाजारात बसवते!" मग एकदा एक बाई आली, पोट धरून हासु हासु करायला लागली, आणि मावशीला वाटलं हिला हसू येतंय, तर मावशी पण हसली. मुंडारीत हासु म्हणजे दुखणं. हा किस्सा सांगताना ती आताही ओशाळली, चाळीस वर्षांनी, जेवताना हातातला घास तसाच ठेवून. वहीत तो शब्द आहे आणि त्याच्याखाली तीन वेळा रेघ मारलेली आहे.

ही वही बघितली आणि मला एकदम गोन्सालो गार्सिया आठवला.

वसईबाहेरच्यांना नाव माहीत असण्याची शक्यता कमी म्हणून थोडं सांगतो. गोन्सालो गार्सिया, जन्म १५५६ च्या सुमाराचा, वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. भारतात जन्मलेला आणि कॅथलिक चर्चने अधिकृतपणे संत म्हणून जाहीर केलेला पहिला माणूस. गासला त्याच्या नावाचं चर्च आहे, वसईत कॉलेज आहे, फेब्रुवारीत सण असतो. आम्हाला लहानपणी त्याची गोष्ट सांगायचे ती फक्त शेवटची, म्हणजे क्रुसावर खिळला, दोन भाले मारले, संपलं. चित्रात पण तेच. मधली सगळी गोष्ट, जी खरी मजेची आहे ती कोणी सांगतच नाही.

तर मधली गोष्ट अशी. वसईच्या किल्ल्यात जेझुइट, म्हणजे येशूसंघाच्या, फादरांकडे हा पोरगा शिकला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. विचार करा, सोळाव्या शतकात, वसईच्या खाडीवरून निघून, शिडाच्या जहाजाने. तिथे सात-आठ वर्षं फादरांच्या हाताखाली धर्माची प्रश्नोत्तरं शिकवणारा मदतनीस म्हणून राहिला आणि जपानी भाषा अशी शिकला की तिथल्या लोकांसारखी बोलायला लागला. त्याची इच्छा होती की आपल्याला जेझुइट म्हणून आत घ्यावं. घेतलं नाही. वर्षानुवर्षं काम करून घेतलं पण संघात घेतलं नाही, आणि त्या काळातल्या बहुतेक युरोपी संघांची इथल्या रक्ताच्या माणसांबद्दलची वागणूक पाहता यात नवल काहीच नाही. मग हा पठ्ठ्या उठला आणि व्यापारी झाला! चांगला पैसा कमावला म्हणतात. पण मन लागेना. फिरत फिरत मनिलाला पोचला, तिथे फ्रान्सिस्कनांनी, म्हणजे दुसऱ्या एका संघाने, त्याला घेतलं, फादर म्हणून नाही, ब्रदर म्हणून.

ब्रदर म्हणजे काय हे पण सांगायला हवं. ब्रदर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करू शकत नाही, पापनिवेदन ऐकू शकत नाही. व्रतं तीच, गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन, पण वेदीवर मान नाही. स्वयंपाक, बाग, आजाऱ्यांची सेवा, हिशोब, दारावरची घंटा. घरातल्या धाकट्या जावेसारखी गत, सगळं करायचं आणि फोटोत मागे उभं राहायचं.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ता नावाच्या फ्रान्सिस्कन फादरांना राजदूत म्हणून जपानला पाठवलं, तोयोतोमी हिदेयोशीच्या दरबारात. हा हिदेयोशी म्हणजे त्या वेळचा जपानचा सर्वेसर्वा, १५८७ मध्येच मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढून बसलेला, जरी तो हुकूम कडक पाळला जात नव्हता तरी. आता मनिलाहून आलेल्या विद्वान फादरांना जपानी कुठलं यायला. मग त्या दरबारात बोललं कोण? आमचा ब्रदर गोन्सालो. मला हे चित्र फार आवडतं. एकीकडे जपानचा मालक, दुसरीकडे स्पेनच्या राजाच्या नावाने आलेले लोक, आणि मध्ये वसईचा एक माणूस, पायात काही नाही, याचं त्याला आणि त्याचं याला सांगतोय. पुढे क्योतोला त्यांनी चर्च बांधलं आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना काढला. तिथेही लोकांशी बोलायचं म्हणजे गोन्सालो होताच.

(फादर स्टीफन्सचं, म्हणजे 'ख्रिस्तपुराण' लिहिणाऱ्या कवीचं, उदाहरण मी मुद्दाम घेत नाहीये. मराठीत ख्रिस्ती मिशनऱ्यांवर काहीही लिहायचं झालं की स्टीफन्स आणि त्यांची मराठीची स्तुती आलीच पाहिजे असा नियम झालाय. मोठा माणूस, वादच नाही, पण आपली स्तुती केली म्हणून आपण त्याला डोक्यावर घेतलं. गोन्सालोने जपानीची केली नसेल कशावरून, पण तो कवी नव्हता ना.)

पुढचं सगळं बिघडलं ते १५९६ मध्ये. सान फेलिपे नावाचं स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं, माल जप्त झाला, आणि त्या गलबताच्या सुकाणूवाल्याने फुशारकी मारली म्हणतात की आमचा राजा आधी मिशनरी पाठवतो आणि मागून सैन्य. तो नेमकं काय बोलला यावर आजही वाद आहेत. त्यात जेझुइट आणि फ्रान्सिस्कन यांच्यात आपसात धुसफूस, कारण १५८५ मध्ये पोपने जपानचं मिशन फक्त जेझुइटांकडे दिलेलं होतं आणि हे मनिलावाले तरी आले. कारण काहीही असो, हिदेयोशी भडकला. २६ जणांना धरलं. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि बाकीचे साधे जपानी ख्रिस्ती, त्यात तीन पोरं, सगळ्यात लहान बारा वर्षांचं. डाव्या कानाचे तुकडे कापले, बैलगाड्यांतून गावभर फिरवलं, आणि ऐन थंडीत क्योतो-ओसाकाकडून नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभर चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवलं. गोन्सालो चाळिशीचा होता.

इथे मला प्रामाणिकपणे एक बोलायचंय, आमच्या लोकांना आवडणार नाही. तो सुकाणूवाला बोलला असो वा नसो, त्याचं म्हणणं सगळंच काही खोटं नव्हतं. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली तेव्हा फादर आणि सैनिक एकाच जहाजातून उतरत होते. किल्ल्यात जा, आजही चर्चच्या भिंती आणि तोफांचे बुरूज एकमेकांना खेटून आहेत. त्यामुळे कोणी मला मिशनरी म्हटल्यावर भुवया उंचावून बघितलं तर मला राग येत नाही. मावशी जिथे राहिली त्याच खुंटीच्या मातीतले बिरसा मुंडा, मिशनच्या शाळेत शिकले आणि नंतर मिशनच्याच विरोधात गेले. आणि त्याच भागात १८८५ मध्ये आलेले कॉन्स्टंट लिव्हन्स नावाचे बेल्जियन जेझुइट, त्यांनी जमिनीचे कायदे शिकून मुंडा लोकांना जमीनदारांविरुद्ध कोर्टात केसेस लढायला मदत केली. दोन्ही खरं आहे. मिशन हा शब्द एकच असला तरी त्या शब्दाच्या आड कोण उभं आहे ते दर वेळी बघावं लागतं.

रोममध्ये पण हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. १६२२ मध्ये मिशनसाठी वेगळं खातं काढलं आणि १६५९ मध्ये त्या खात्याने आशियात जाणाऱ्या बिशपांना सूचना दिल्या की लोकांच्या चालीरीती बदलायला जाऊ नका, चीनमध्ये फ्रान्स, स्पेन नाहीतर इटली उचलून नेणं यापेक्षा जास्त मूर्खपणा तो कुठला. १६५९! किती जणांनी ऐकलं हा भाग सोडा.

मला गोन्सालोसारखाच वाटणारा दुसरा माणूस म्हणजे गोव्यातल्या बाणावलीचे जोसेफ वाझ. ते फादर होते, पण युरोपी संघांची दारं गोवेकरांना बंदच, म्हणून जुन्या गोव्यात गोवेकर फादरांचाच एक संघ उभा राहिला त्यात ते होते. श्रीलंकेच्या किनारपट्टीवर तेव्हा डच राज्य करत होते आणि कॅथलिक फादरांना बंदी. तर हे १६८७ मध्ये भिकाऱ्याच्या वेषात जाफन्याला उतरले. यांच्यामागे ना राजा ना गलबत ना तोफ, उलट राज्यकर्ते यांना शोधत होते. तमिळ शिकले, सिंहली शिकले. कँडीच्या बौद्ध राजाने आधी पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकलं, मग मोकळं सोडलं, आणि १६९७ मध्ये देवीची साथ आली तेव्हा हे रस्त्यावर पडलेल्या रोग्यांना उचलत होते. १७११ मध्ये तिकडेच गेले, गोवा परत बघितला नाही. २०१५ मध्ये कोलंबोला पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत जाहीर केलं. सुकाणूवाल्याला हा माणूस दाखवला पाहिजे होता.

मावशीला मी तो व्हॉट्सॲपचा प्रश्न विचारलाच शेवटी. किती कन्व्हर्ट केलेस? ती नाचणीची भाकरी थापत होती, तिने वर पण बघितलं नाही. म्हणाली, "बाळंतपणं मोजली असतीस तर सांगितली असती, रजिस्टर आहे तिकडे." मग जरा वेळाने, "चर्चला यायचे ते यायचे. त्यांचे आजे पणजेच ख्रिस्ती झालेले, मी कोण करणारी. सरना, म्हणजे आदिवासींचा जुना धर्म, मानणारे पण दवाखान्यात यायचे, ताप सगळ्यांना सारखाच चढतो." मी म्हटलं, मग तू तिकडे सांगितलंस काय येशूबद्दल? तर म्हणाली, "विचारलं की सांगायचे. रात्री तीन वाजता का उठून येते हे कोणी ना कोणी विचारतंच."

आजी मात्र कधी राजी नव्हती हो. १९९५ मध्ये मध्य प्रदेशात उदयनगरजवळ सिस्टर राणी मारियांना भर बसमध्ये भोसकून मारलं, २५ फेब्रुवारीला, शेतमजुरांना सावकारीतून सोडवायला मदत करत होत्या म्हणून. बातमी आली तेव्हा मी शाळेत होतो, आजी दोन दिवस जेवली नाही. तिने माझ्याकडून मावशीला पत्र लिहून घेतलं, परत ये, तुझ्या मोठ्या फादरांना मी बघून घेते. मावशीचं उत्तर आलं महिन्याने, त्यात पाऊस, शेळ्या, आणि नवीन पंप बसवला एवढंच. पुढे त्या सिस्टरच्या सख्ख्या बहिणीने मारणाऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली हे वाचून आजी म्हणाली, या बायका आपल्या नाहीतच, देवाने उसन्या दिल्यात. आजी गेली तेव्हा मावशी वेळेत पोचू शकली नाही, तिसऱ्या दिवशी आली. आईने हे मनातून अजून काढलेलं नाही, आणि मला वाटतं मावशीने पण नाही. व्रत घेतलं म्हणजे असलं काही दुखत नाही असं जे प्रवचनात भासवतात ना, ते बंद करायला पाहिजे.

शनिवारी तिला त्या घरी सोडून आलो. स्वच्छ आहे, लांब पॅसेज आहे, आंब्याची झाडं. तिथे रिटायर म्हणत नाहीत, तिथल्या सिस्टरांचं मिशन आता प्रार्थना असं म्हणतात. मला जरा हे शब्दांचे खेळ वाटले आणि मी तसं बोललो. मावशी म्हणाली, लिझ्यूची तेरेझा माहीतेय ना. आता तेरेझा कोणाला माहीत नाही, आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या घरात फोटो. पंधराव्या वर्षी फ्रान्समधल्या कार्मेल नावाच्या बंदिस्त मठात गेली, चोविसाव्या वर्षी १८९७ मध्ये टीबीने वारली, मठाच्या भिंतीबाहेर मिशनला एकदाही गेली नाही, आणि १९२७ मध्ये पोपने तिला मिशनची आश्रयदाती केलं, थेट फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने. मला हे कायम ऑफिसातल्या प्रमोशनसारखं वाटायचं, फील्डवर न जाता. पण मावशीने एक गोष्ट सांगितली. आजारात तिला रोज बागेत थोडं चालायला सांगितलं होतं, चालवत नव्हतं, तर कोणीतरी म्हणालं बस ना जरा, तर ही म्हणाली मी एका मिशनऱ्यासाठी चालतेय, कुठेतरी लांब तो थकला असेल, त्याचा थकवा कमी व्हावा म्हणून. "मग मी पण चालते पॅसेजमध्ये," मावशी म्हणाली, "गुडघा दुखतो म्हणून नाहीतरी डॉक्टरने सांगितलंच आहे." म्हणजे दोन्ही कामं एकात. नर्सच ती.

नागासाकीचं एक सांगायचं राहिलं. गोन्सालो आणि बाकीचे गेले, पुढे १६१४ मध्ये जपानभर बंदी आली, फादर संपले, चर्च पाडली. मग १८६५ मध्ये फ्रेंच फादर पेतिजाँ यांनी नागासाकीत नवीन चर्च सुरू केलं, याच २६ जणांच्या नावाने, आणि महिन्याभरात उराकामी गावचे काही शेतकरी घाबरत घाबरत आत आले, त्यातली एक बाई हळूच म्हणाली की तुमचं आणि आमचं मन एकच आहे. दोनशेपेक्षा जास्त वर्षं, एकही फादर नाही, मिस्सा नाही, आणि या लोकांनी आईकडून पोराला, पोराकडून नातवाला लपून छपून बाप्तिस्मा आणि प्रार्थना देत आणल्या होत्या. मी हे वाचलं तेव्हा लोकलमध्ये होतो आणि माझं स्टेशन गेलं.

काल मावशी एका दिवसासाठी घरी आली होती, डोळे तपासायला. दुपारी खुंटीहून फोन आला, कुठल्यातरी बाईच्या पोराला ताप, औषध किती द्यायचं. मावशी मुंडारीत अशी सुटली की मी आणि आई नुसते बघत बसलो, आवाज वेगळा, हात वेगळे, हसणं पण वेगळं. फोन ठेवून स्वयंपाकघरात आली आणि आईला म्हणाली, ते दे गं इकडे, ते लोढ़ा. आई म्हणाली काय? मावशीने पाट्याकडे बोट केलं. "हे पाटा, माहीत आहे मला. त्याच्यावरचं. आपल्यात काय म्हणतात त्याला?"

"वरवंटा," आई म्हणाली.

मावशी दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणाली, वरवंटा, वरवंटा. मग बाहेर जाऊन बॅगेतनं ती वही काढली, जिथे मराठीची बाजू रिकामी होती तिथे लिहिलं, आणि चष्मा पुसत बसली. आईने चटणी मिक्सरमध्येच केली त्या दिवशी.